एका ठिपक्याचा ईस्टर

आस्लाउगला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचा राग आला होता. शाळेचं नाटक होतं, मीच बसवलेलं. गावच्या सभागृहात पालक खचाखच भरलेले, आणि मागच्या भिंतीपाशी एक उंच बाई अंगातला कोटसुद्धा न काढता इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. तिच्या बुटांखाली जुन्या फळ्या करकरत होत्या. पडद्याआड उभी राहून मी दातओठ खात होते. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी खांद्याला धरून खाली बसवलं असतं. दुसऱ्या अंकात राणी झालेली मुलगी आपलं वाक्य विसरली. मी आतून कुजबुजून पुरवलं, तिला ऐकूच गेलं नाही. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. तेवढा वेळ ती करकर थांबली होती.

बुधवारच्या वर्तमानपत्रात नाटकावर लेख आला. खाली नाव होतं आस्लाउग म्योल्नेस. त्यात लिहिलं होतं: ‘वाक्य हरवल्यावर या राणीने आपल्या दरबाऱ्यांकडे अशी नजर टाकली की जणू ते त्यांच्यातल्याच कुणीतरी चोरलं असावं. राज्य हातातून निसटतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मला त्या घडीला कळलं.’ रडून रडून डोळे सुजवून घरी बसलेली ती मुलगी गुरुवारी शाळेत आली ती मान ताठ करून. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत ती तशीच चालत होती.

मग मी चौकशी केली. आमचं सुंडवोग म्हणजे पश्चिम नॉर्वेच्या नकाशावर बोट ठेवलं की बोटाखाली झाकलं जाणारं गाव. तिथे चौकशीला वेळ लागत नाही. आस्लाउग बंदरासमोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं बदलत ती विचारायची, “आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?” तिचं हे वाक्य गावाने उचललं होतं. मासळीच्या दुकानात कुणी कॉड उलटसुलट करून पाहायला लागला की विकणारा म्हणायचा, “आता बरा दिसतोय, की आधीचा बरा होता?”

दुकानातून सुटल्यावर ती वर्तमानपत्रासाठी लिहायची. गावात, आसपासच्या बेटांवर जे काही छापलं, गायलं, वाजवलं, रंगवलं जाई, त्या सगळ्यावर. आणि ती स्तुती करायची. दोष तिला दिसत नसत असं नाही, पण ती म्हणायची की दोष कुणालाही सापडतो, तो पायात येतो; गुण शोधायला वाकावं लागतं. ते वाकणं तिला सोपं जात नसे. लेख द्यायचा असला की ती वाऱ्यापावसात बंदराच्या धक्क्यावर टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. ओठ हलत असायचे. एकासाठी वापरलेला शब्द दुसऱ्यासाठी वापरायचा नाही, असा तिचा हट्ट होता. ‘सुंदर’ हा शब्द तिने उभ्या आयुष्यात एकदाच लिहिला होता, गोधड्यांच्या एका प्रदर्शनाबद्दल, आणि त्याचा तिला पुढे कायम पस्तावा वाटला.

आमच्या डॉक्टरांच्या बायकोने कादंबरी लिहिली तेव्हा सगळे म्हणत होते की त्यात काही घडतच नाही. आस्लाउगने लिहिलं: ‘या पुस्तकात कुणीही दार आपटत नाही. म्हणून शेवटच्या पानावर एक दार हलकेच लागतं तेव्हा वाचणारा दचकतो.’ वाचनालयात त्या पुस्तकासाठी रांग लागली. एका अकॉर्डियनवाल्याबद्दल तिने लिहिलं होतं की दोन सुरांच्या मध्ये तो जेवढा थांबतो तेवढ्यात माणसाला कुणाला तरी फोन करायचा राहिलाय हे आठवतं. तो अकॉर्डियनवाला मला एकदा बोटीवर भेटला तेव्हा म्हणाला, “बाई, आता मला थांबायचीच भीती वाटते. लोक खरंच फोन काढून बघतात.”

या सगळ्यात तिच्या जिवाला एकच काच होता, तो म्हणजे फासा. आमच्याकडे वर्तमानपत्रात पुस्तक, नाटक, गाणं यांच्याबद्दल लिहिलं की शेजारी सोंगटीच्या फाशाचं चित्र छापतात. एक ठिपका म्हणजे टाकाऊ, सहा म्हणजे अप्रतिम. लहानपणापासून सगळ्यांना याची इतकी सवय असते की सासूबाईंनी केलेल्या मटणालासुद्धा मनातल्या मनात ठिपके दिले जातात. आस्लाउग जवळजवळ सगळ्यांना पाच द्यायची, फारच वाईट असलं तर चार. सहा तिने कुणालाच दिला नव्हता. गायनवृंदात माझ्या शेजारी उभी राहणारी ओड्नी, जिची जीभ सुरीसारखी, म्हणायची, “आस्लाउगच्या फाशाला एकच बाजू आहे. बाकीच्या बाजूंवर बुरशी आली असणार.” आस्लाउगला हे कळत होतं. लेखावर ती आठवडा घालवायची आणि फासा शेवटी डोळे मिटून द्यायची, कडू औषध घ्यावं तसा.

आता आयलिफबद्दल सांगायला हवं. आयलिफ स्टोके आमच्या चर्चचा ऑर्गनवादक. गायनवृंदही तोच शिकवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वभावाने तिरकस, पण सूर लागला की डोळे मिटायचा आणि कितीतरी वेळ उघडायचा नाही. आस्लाउगच्या लेखांबद्दल तो कधी अक्षर बोलत नसे. पण ज्या बुधवारी लेख यायचा, त्या संध्याकाळच्या सरावाला तो ठरलेल्या वेळेच्या आधी येऊन बसलेला असे, एवढं आम्ही सगळ्यांनी हेरलं होतं.

त्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले होते. ऑर्गन सोडावा लागणार हे ठरलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्याचा निरोपाचा कार्यक्रम ठेवला, त्यानेच वर्षानुवर्षं आमच्यासाठी रचलेल्या गाण्यांचा. कार्यक्रमाच्या आधी चर्चच्या पायऱ्यांवर त्याने आस्लाउगला गाठलं. मी बाजूलाच बूट बदलत होते. तो म्हणाला, “या खेपेला दया नको. इतकी वर्षं इथे काय केलं मी, ते मला एकदा कळू दे. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर माझा विश्वास बसायचा नाही.” आस्लाउग मान डोलावून आत गेली. आत जाऊन ती मागे खांबापाशी उभी राहिली, आणि लगेच फेऱ्या सुरू.

कार्यक्रम धड झाला नाही. शेवटच्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात आमचे टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, एक ओळ आधीच शिरले. त्यांच्यामागे आम्ही बायका गडबडलो आणि एवढ्या मोठ्या चर्चमध्ये सगळं गाणं कोसळलं. आमच्यासमोर उभं राहून गाणं चालवणाऱ्या आयलिफने हात खाली घेतले. त्याची बोटं थरथरताना पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत सगळ्यांना दिसली असतील. त्याने आम्हाला ते कडवं पहिल्यापासून पुन्हा घ्यायला लावलं. मग आम्ही ते गायलो. कसं गायलो ते मला सांगता येत नाही, मी त्यात होते.

त्या संध्याकाळपासून आस्लाउगला चैन पडेना. सोमवारी दुकानात तिने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला. दुपारी ती माझ्याकडे आली, बसली नाही, वेलदोड्याचा बन हातात घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिली. रात्र जागून लेख झाला होता. फासा अडला होता. पाच द्यावा तर आयलिफ म्हणणार, नेहमीचाच, म्हणजे दयाच. सहा द्यावा तर ते खोटं, आणि त्याला खोटं लगेच ऐकू येतं. चार किंवा तीन द्यावा तर तेही खोटंच, कारण पडल्यानंतर जे झालं ते कशात मोजायचं? मी म्हटलं, काहीतरी एक दे आणि मोकळी हो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कॉफी ओतायला वळले. शेवटी बन तसाच खिशात घालून ती निघाली. जाताना म्हणाली, “या वेळी देतच नाही. चौकट रिकामी ठेवा म्हणून कळवते.”

संपादक होता सिंद्रे, माझाच जुना विद्यार्थी. निबंध चांगला लिहायचा, पण शेवट नेहमी घाईत. ईस्टरच्या सुट्टीत सगळा देश डोंगरातल्या लाकडी झोपड्यांत जाऊन बसतो, तसा तोही सोमवारीच बायकोमुलांना घेऊन निघून गेला होता. तिथे फोन लागत नाही. त्यासाठीच लोक तिथे जातात. कचेरीत एक हंगामी मुलगी होती. तिने आस्लाउगचा निरोप वाचला आणि फाशाची चौकट रिकामी सोडली. पण आमच्या वर्तमानपत्राचं पान जुळवणारं यंत्र रिकामी चौकट मानत नव्हतं. कुणी आकडा भरला नाही, तर ते आपलं आपण एक भरत असे.

बुधवारी सकाळी अंक घरोघर पडला. अर्धं पान लेख, आणि वर अंगठ्याएवढा फासा. त्याच्यावर मधोमध एक ठिपका.

पुढचा अंक थेट सुट्टीनंतर निघणार होता. तोवर तो ठिपका साऱ्या गावाच्या स्वयंपाकघरांत, गाड्यांच्या मागच्या सीटवर, डोंगरातल्या टेबलांवर पडून राहणार होता. किराणा दुकानात संत्र्यांची आणि कोकराच्या मटणाची शेवटची झुंबड उडाली होती. मी रांगेत उभी होते आणि आस्लाउग माझ्या पुढे. कुणी मागे म्हणालं, शेवटी कुणीतरी खरं बोललं. ओड्नीही रांगेत होती; तिने आस्लाउगला पाहिलं, तरीही ती म्हणालीच, “जन्मभर पाच, आणि म्हातारा घरी बसायला निघाला तेव्हा एक. बरंच साठवून ठेवलं होतंस ग मनात.”

आस्लाउगने विचारलं, “लेख वाचलास?”

“वाचेन ना, सुट्टीत. वेळ काढून.”

आस्लाउग टोपली तिथेच ठेवून बाहेर गेली. ती आयलिफच्या घरी गेली तर खिडक्या बंद, दाराशेजारी स्की नाहीत, म्हणजे तो डोंगरात गेलेला. फोन उचलला जात नव्हता. कचेरीतली मुलगी फोनवर रडायला लागली, तेव्हा आस्लाउगलाच तिची समजूत घालावी लागली. संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. माझी झोपडी आयलिफच्या झोपडीपासून एका उताराच्याच अंतरावर आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, “उद्या मला वर ने.”

मी म्हटलं, “तुला स्कीवर उभं तरी राहता येतं का?”

“शाळेत असताना यायचं.”

शाळा सुटून तिला जन्म लोटला होता. दुसऱ्या दिवशी रस्ता संपतो तिथे गाडी ठेवून आम्ही निघालो. ऊन लखलखीत, बर्फावर वरून कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत. ती दर थोड्या वेळाने पडत होती, उठत होती, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, शिव्या देते आहे. जवळ गेल्यावर ऐकलं तर ती वाक्यं जुळवत होती.

आयलिफ झोपडीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ टेकून रेनडिअरच्या कातड्यावर उन्हात बसला होता, पाय पसरून, डोळ्यांवर काळा चष्मा. आम्हाला येताना त्याने बराच वेळ पाहिलं असणार. उठला नाही. आम्ही जवळ आल्यावर विचारलं, “कॉफी घेणार?” अगदी सभ्यपणे, पाहुण्यांना विचारावं तसं. तिरकस बोलला असता तर बरं झालं असतं.

आस्लाउगने स्की काढून टाकल्या. “तो एक मी दिलेला नाही,” ती म्हणाली.

“मग कुणी दिला?”

“यंत्राने.”

“यंत्राचा कान चांगला आहे,” आयलिफ म्हणाला.

तिने विचारलं, लेख वाचलास का. तो म्हणाला, काल वर आलो तेव्हा लाकडं ओली होती, त्या पानावर स्टोव्ह पेटवला. आस्लाउगने खिसे चाचपले. तिनेही लेख आणला नव्हता. त्याने वाचला असेलच असं ती धरून चालली होती. माझ्याकडेही नव्हता. आता उरली फक्त तिची जीभ. आमच्या लोकांत माणसाला तोंडावर चांगलं म्हणायची रीत नाही. लिहितात, कळवतात, किंवा मग थडग्यापाशी उभं राहून बोलतात, जेव्हा ऐकणाऱ्याला लाजावं लागत नाही. आस्लाउगने गावभर इतकं भरभरून लिहिलं, पण कुणाच्या समोर उभं राहून एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

ती झोपडीसमोर फेऱ्या मारायला लागली. स्कीशिवाय पापुद्रा फुटायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जायचा. तो ओढून काढायचा, पुढचा टाकायचा, आणि मध्ये बोलायचं.

“टेनर वाईट गायले,” तिने सुरुवात केली. “ते पहिल्यापासूनच घाईत होते. तुलाही माहीत होतं. गाणं पडलं तेव्हा मी मागे होते. मला तुझी पाठ दिसत होती. तुझा चेहरा नाही दिसला.” पाय आत गेला, ती थांबली, पाय काढला. “त्यांचे चेहरे दिसले. सगळ्यांचे. आधी घाबरलेले होते. मग तू काहीतरी केलंस, आणि एकेक चेहरा असा झाला की जणू घरी उशिरा पोचलंय आणि घरातलं कुणी अजून जेवायचं थांबलंय. त्यावरून मला कळलं तू त्यांच्याकडे कसं पाहत होतास.”

मी वृंदात पुढच्या ओळीत होते. तो कसा पाहत होता ते मी पाहिलं होतं. ती बरोबर सांगत होती.

“मग तेच कडवं पुन्हा,” आस्लाउग म्हणाली. फेऱ्या चालूच होत्या. “दुसऱ्यांदा आल्यावर ती पडण्याची जागा मला ऐकू आली. कुणी ती लपवली नाही. काल जिथे बर्फावरून घसरलो तिथे आज पाय जपून टाकतो ना, तसे सगळे त्या ओळीवरून गेले, एकमेकांचा हात धरून. हे एका दिवसात शिकवता येत नाही, आयलिफ. तू इथे काय केलंस म्हणून विचारलं होतंस. हे केलंस.”

ती थांबली. खाली दरीत कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

आयलिफने विचारलं, “तर मग किती?”

“पहिल्या वेळी तीन.”

“आणि दुसऱ्या?”

“दुसऱ्या वेळी मी मोजत नव्हते. म्हणून रिकामी ठेवली होती चौकट.”

आयलिफने काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. काचा पुसून झाल्या तरी पुसतच होता. मग म्हणाला, “आमच्या टेनरांना तीन म्हणजे पुन्हा दयाच झाली.” आणि कातड्यावर थोडा सरकून म्हणाला, “बस आता खाली. माझ्या अंगणाची चाळण केलीस.”

ती बसली. त्याने संत्रं सोलायला घेतलं. हात थरथरत होते म्हणून सालाचे तुकडे तुकडे होत होते. आम्हा दोघींपैकी कुणी ते त्याच्या हातातून घेतलं नाही. सोलून झाल्यावर त्याने तिघांत वाटलं.

सुट्टी संपल्यावर सिंद्रे माझ्याकडे आला, मग आम्ही दोघं आस्लाउगकडे गेलो. तो मनापासून ओशाळला होता. दुरुस्ती छापतो म्हणाला, सहा ठिपक्यांची. आस्लाउग नको म्हणाली. मग पाच? नको. रिकामी चौकट छाप, एवढंच तिचं म्हणणं. त्याने सांगितलं की दोन ओळींचा खुलासा छापता येईल, पण पुढच्या लेखांना फासा द्यावाच लागेल, वाचकांना तो हवा असतो.

“बाई, लोक फासाच बघतात,” तो माझ्याकडे वळून म्हणाला.

“मग लेख कशाला छापतोस?” मी विचारलं. शाळेतल्यासारखाच तो बुटांकडे बघत राहिला.

खुलासा छापून आला, हवामानाच्या शेजारी. आस्लाउगने लिहिणं सोडलं. तिच्या जागी शहरातून एक तरुण येतो. तो चलाख आहे, दोन आणि सहा हे त्याचे आवडते आकडे, आणि त्याच्या लेखांवर गावात वाद होतात, जे सिंद्रेला आवडतं.

आस्लाउगचा तो पहिला पानगळीचा मोसम वाईट गेला. कार्यक्रमाला यायची, मागे फेऱ्या मारायची आणि मग जे पाहिलं ते कुठे ठेवायचं हे कळत नसल्यासारखी धक्क्यावर चालत राहायची. वारा असो, गारा असोत. मी दोनदा तिला हाताला धरून घरी आणलं. मग एका दुपारी मासळीच्या दुकानात, हातात मॅकरेलची पिशवी असताना, तिने शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलीला अडवलं आणि तिच्या वाजवण्याबद्दल तोंडावर सांगितलं, दुकानदार, गिऱ्हाइकं सगळ्यांच्या देखत. मुलगी कानापर्यंत लाल झाली. दुकानदाराने उगाच सुऱ्या धुवायला घेतल्या. पण सांगून झाल्यावर आस्लाउग दुकानाबाहेर पडली ती सरळ घरी गेली, आणि त्या संध्याकाळी तिच्या खिडकीत दिवा होता.

आता ती कुणालाही गाठते. बसथांब्यावर, दाताच्या डॉक्टरांच्या बाकावर, बोटीच्या कठड्याशी. काहीजण तिला लांबून पाहून रस्ता ओलांडतात, कारण आपल्याबद्दल चांगलं ऐकून घ्यायला धीर लागतो. ओड्नीने तर तिला तोंडावर सांगून ठेवलंय, “माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर मी मेल्यावर म्हण.” त्यावर आस्लाउग म्हणाली, तुझा खालचा सूर फार चांगला लागतो, पण तू तो लपवतेस. ओड्नी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. त्यानंतरच्या सरावात तो सूर मला शेजारून ऐकू आला.

आस्लाउग आता शहात्तर वर्षांची आहे. दर मंगळवारी सकाळी ती वाचनालयात नव्या आलेल्या पुस्तकांबद्दल बोलते. आठदहा माणसं असतात. हात बरे असले तर आयलिफ येतो आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. कॉफी वाचनालयाची असते, केक ज्याने त्याने आणायचा.